नखे खाण्याची सवय नेमकी कुठे अडवायची?

प्रश्न : माझे वय ३४ असून मी पुण्यात एका लेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम करते. चौथीत असल्यापासून मी नखे खाते. कडुनिंबाचा रस, मिरची, दुकानात मिळणारे कडू पॉलिश, स्वतःला पैशांचा दंड, सगळे करून झाले. दोनतीन आठवडे नखे वाढतात आणि मग एखाद्या संध्याकाळी दहाही बोटांची नखे जातात. बोट तोंडात कधी गेले हे मला कळतच नाही. आता माझी ६ वर्षांची मुलगीही नखे खाऊ लागली आहे. हा मानसिक आजार आहे का, तिला तो माझ्याकडून आला का आणि दीड महिन्यावर घरात लग्न आहे, तोवर माझे हात दाखवण्यासारखे होतील का?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘कळतच नाही’ हे शब्द मी गेली २२ वर्षे समुपदेशनाच्या खोलीत ऐकत आले आहे आणि त्यांत अतिशयोक्ती नसते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नखे खाणारी व्यक्ती पहिल्यांदा येते तेव्हा मी सवयीबद्दल फारसे विचारत नाही. कामाबद्दल, प्रवासाबद्दल दहा मिनिटे बोलू देते आणि तिच्या हातांकडे पाहत राहते. बोट तोंडाकडे जाण्याच्या बऱ्याच आधी काहीतरी सुरू झालेले असते. अंगठ्याचे टोक त्याच हाताच्या तर्जनीच्या, मग मधल्या बोटाच्या नखाच्या कडेवरून हळूहळू फिरत असते. तांदूळ निवडताना बोटे जशी न पाहताही खड्यापाशी अडतात, तसा तो अंगठा एखाद्या खडबडीत कोपऱ्यापाशी अडतो, पुढे जातो, पुन्हा तिथेच परत येतो. असे चारसहा वेळा झाले की हात उचलला जातो आणि दात ते ‘काम’ पुरे करतात. बोलणाऱ्या व्यक्तीला यातले काहीही जाणवलेले नसते.

ही चाचपणी हीच सवयीची सुरुवात आहे. आपण आजवर जे उपाय केले ते सगळे दातांपाशी केलेले आहेत, म्हणजे साखळीच्या शेवटच्या कडीवर. तिथवर आलेला हात मागे घेणे फार अवघड असते, कारण सापडलेला खडबडीत कोपरा काढून टाकण्याची ओढ तोवर पुरती जागी झालेली असते. अंगठा नुकताच फिरू लागलेला असताना मात्र तीच ओढ अगदी किरकोळ असते. माझ्या पुढच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

आधी आजाराविषयी. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेत नखे खाणे, ओठ चावणे, गालाची आतली बाजू चावणे अशा सवयी शरीराशी निगडित, पुन्हा पुन्हा होणाऱ्या वर्तनांच्या गटात घेतलेल्या आहेत. केस उपटण्याचा आणि कातडी ओरबाडण्याचा विकार हे त्यांचे जवळचे नातलग मानले जातात. परंतु निदान लागू होण्यासाठी सवय असणे पुरेसे नसते. थांबवण्याचे प्रयत्न वारंवार फसलेले असावे लागतात आणि त्या सवयीमुळे खरोखरीचा त्रास होत असावा लागतो, किंवा रोजच्या व्यवहारात अडथळा येत असावा लागतो. साधारणपणे दर चारपाच माणसांमागे एक जण आयुष्यात केव्हातरी नखे खातो आणि शाळकरी वयात हे प्रमाण अधिक असते, असे मानले जाते. त्या सगळ्यांना आजारी म्हणणे हास्यास्पद ठरेल. आपले प्रयत्न फसले आहेत, हात लपवावेसे वाटतात, एवढ्यावरून उपचार घेणे योग्य आहे असे मी म्हणेन, पण आपल्या मनात काही बिघडले आहे असे म्हणणार नाही.

‘ताण आला की नखे खाल्ली जातात’ हे सर्वांना पाठ असलेले स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे. माँट्रियलमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अशा सवयी असलेल्या माणसांना ताणाच्या, निवांतपणाच्या, वैतागाच्या आणि कंटाळ्याच्या प्रसंगांत मुद्दाम ठेवले होते. त्यांत वैताग आणि कंटाळा यांनी ओढ विशेष जागी झाल्याचे दिसले. अशा माणसांत, जे हाती आहे ते पूर्ण आणि नीटनेटके व्हावे, वेळ वाया जाऊ नये, अशी घाई बरीच असते, असेही त्यांचे म्हणणे होते. माझा अनुभव याला धरूनच आहे. मार्चअखेरीच्या धावपळीत आपली नखे जातात असे आपल्याला वाटत असेल, परंतु मला शंका आहे की ती प्रत्यक्षात जातात ती संगणकावर एखादी मोठी फाइल उघडण्याची वाट पाहताना, किंवा समोरच्याचे फोनवरचे लांबलेले बोलणे ऐकताना. गंमत अशी की नखे खाणारा माणूस नखांबाबत बेफिकीर नसतो. त्याला कडेचा बारीकसा ओबडधोबडपणा सहन होत नाही आणि तो सरळ करण्यासाठी त्याच्याजवळ त्या क्षणी दातांखेरीज दुसरे अवजार नसते.

कडू पॉलिशचे काय चुकते, हेही यावरून समजेल. त्यात बहुधा डेनाटोनियम बेंझोएट नावाचे अत्यंत कडू द्रव्य असते. कोणी पिऊ नये म्हणून औद्योगिक स्पिरिटमध्ये मिसळतात तेच. ते काम करते ते जिभेवर, म्हणजे सगळे होऊन गेल्यावर. शिवाय आपण हाताने जेवणारी माणसे आहोत. कडू बोटांनी वरणभात कालवून खाण्याचा प्रयोग एकदा केलेली व्यक्ती दुसऱ्या दिवसापासून ते पॉलिश फक्त डाव्या हाताला लावते आणि मग उजव्या हाताच्या नखांना दोघांच्या वाटचे भोगावे लागते. मिरचीचा उपाय तर मी लहान मुलांसाठी सरळ नाकारते, कारण मूल त्याच हाताने डोळे चोळते. कडू पॉलिश पूर्णपणे निरुपयोगी नाही. बोट तोंडात गेल्याची घंटा म्हणून पहिले दोनतीन आठवडे त्याचा उपयोग होतो. घंटा वाजल्यावर काय करायचे हे आधी ठरलेले नसेल, तर जीभ काही दिवसांतच त्या कडवटपणाला सरावते.

काय करायचे याची पद्धत १९७३ साली नेथन अॅझरिन आणि आर. ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडली आणि तिच्यात पुढे बदल होत गेले असले तरी तिचा गाभा आजही तोच आहे. आधी सवयीची जाणीव आणि मग सवयीच्या जागी तिच्याशी एकाच वेळी करता येणार नाही अशी दुसरी हालचाल.

जाणिवेसाठी पहिला आठवडा एक लहानशी वही जवळ ठेवावी. त्या आठवड्यात नखे खाणे थांबवण्याचा प्रयत्नच करू नये, ही अट मी आग्रहाने घालते, कारण थांबवायचे म्हटले की माणूस नोंदी लपवू लागतो, अगदी स्वतःपासूनसुद्धा. प्रत्येक वेळी एक ओळ लिहावी : किती वाजले होते, कुठे बसले होते, दुसरा हात काय करत होता, कोणते बोट, आणि अंगठा फिरत होता का. शेवटचा प्रश्न पहिल्या दिवशी कोणालाच सोडवता येत नाही. चौथ्यापाचव्या दिवशी बहुतेक जण सांगतात की आज दोनदा अंगठा फिरत असतानाच लक्षात आले. तेवढे झाले की निम्मे काम झाले. वही वाचताना आणखी एक गोष्ट हमखास निघते. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डाव्या हाताची नखे उजव्या हातापेक्षा अधिक खाल्लेली असतात, कारण उजव्या हातात मोबाइल असतो, त्याचा अंगठा पडद्यावर गुंतलेला असतो आणि डावा हात मोकळा पडलेला असतो. त्यांना मी मोबाइल दोन्ही हातांनी धरायला सांगते, आणि काहींना एवढ्यानेच रात्रीची नखे वाचवता आली आहेत.

दुसऱ्या आठवड्यापासून पर्यायी हालचाल सुरू करावी. सर्वांत सोपी म्हणजे अंगठा आत घेऊन मूठ मिटणे आणि ती एक ते तीन मिनिटे, फार जोर न लावता, तशीच ठेवणे. अंगठा आत गेला की चाचपणी संपते, हे तिचे मर्म आहे. पेन धरणे, खुर्चीचा हात धरणे, मांडीवर तळवा सपाट टेकवणे हेही चालते; हालचाल चारचौघांत कोणाच्या लक्षात न येणारी असावी. हात तोंडात गेल्यावर नव्हे, तर अंगठा फिरू लागताच ती करावी, आणि तेव्हा राहून गेली तर जिथे लक्षात येईल तिथून करावी. ज्यांना मूठ मिटून बसणे जाचक वाटते त्यांच्यासाठी हँबर्ग येथील स्टेफेन मोरिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मृदू पर्याय तपासला आहे : बोटांची टोके एकमेकांवर, तळव्यावर किंवा बाहूच्या मागच्या बाजूवर हलकेच फिरवायची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २६८ जण होते. सहा आठवड्यांनंतर ही पद्धत शिकलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के लोकांनी सुधारणा सांगितली, तर नुसते प्रतीक्षायादीत असलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांनी. त्यांतही नखे खाणाऱ्यांना अधिक लाभ झाला. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण घरबसल्या, फुकट करता येणाऱ्या गोष्टीसाठी तो चांगला आहे.

आता त्या खडबडीत कोपऱ्याविषयी, कारण तो शिल्लक राहिला तर अंगठा कामाला लागणारच. नखे घासण्याच्या लहान कानशी दुकानात नेल फाइल म्हणून मिळतात. त्या तीन घ्याव्यात : एक पर्समध्ये, एक कार्यालयातील टेबलाच्या खणात आणि एक घरात आपण संध्याकाळी जिथे टेकता तिथे, हात लांबवला की मिळेल अशी. दुसऱ्या खोलीत ठेवलेली कानस नसल्यासारखीच असते. नेलकटर मी दुय्यम मानते, कारण तो कापताना कडेला कोपरे सोडतो. आपल्या घरांतून एक अडचण आणखी असते. तिन्हीसांजेनंतर नखे कापू नयेत, शनिवारी कापू नयेत असे आपण लहानपणापासून ऐकलेले असते आणि नख खटकते ते नेमके दिवेलागणीनंतर, दिवसाचे काम संपून हात रिकामे झाल्यावर. नेलकटर काढला तर घरातले मोठे कोणी टोकणार, म्हणून माणूस दातांनी उरकतो. कानशीने घासणे हे कापणे नव्हे, त्यामुळे तिच्यावर सहसा कोणाचा आक्षेप नसतो. माझ्या एका अशिलाच्या सासूबाईंनी तर तिच्याकडून आपलीही नखे घासून घ्यायला सुरुवात केली. रात्री झोपताना नखांच्या मुळाशी आणि बाजूंच्या कातडीला थोडे खोबरेल तेल चोळावे. सालपटे मऊ पडतात आणि अंगठ्याला अडायला काही उरत नाही. उचकटलेले सालपट ओढू नये. ते ओढत गेले की जिव्हाळीपर्यंत जाते आणि मग दोन दिवस लिंबू पिळतानाही डोळ्यांत पाणी येते.

दहाही नखे एका संध्याकाळी जातात, असे आपण म्हणता. तसे होण्याचे कारण पहिल्या नखात नसून त्यानंतर मनात येणाऱ्या ‘आता गेलेच आहे, तर’ या विचारात असते. यावर मी एक युक्ती वापरते. सुरुवातीला फक्त एका बोटाला अभय द्यावे, शक्यतो ज्याच्याकडे हात सर्वांत कमी वळतो अशा, म्हणजे बहुधा करंगळीला. बाकीच्या नऊ बोटांचे काहीही होवो, त्या एकाला धक्का लावायचा नाही. दोन आठवड्यांनी त्यात दुसरे बोट मिळवावे. शेजारी वाढलेले एक नख पाहिले की उरलेल्यांविषयीचे मत बदलते, आणि एखाद्या संध्याकाळी घसरण झालीच तरी ती दहावर न जाता तीनचारवर थांबते.

शारीरिक दुष्परिणामांची यादी वाचून कोणाची सवय सुटल्याचे मी पाहिलेले नाही, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही. नखाच्या कडेला सूज येऊन, ठणकून पू झाला, म्हणजेच नखुरडे झाले, तर ते घरी सुईने फोडू नये, डॉक्टरांना दाखवावे. बोटावर चामखीळ असेल तर ती दातांमार्फत इतर बोटांवर आणि ओठांवर पसरू शकते. मुलांमध्ये जंतांची अंडी नखांखालून पोटात जातात. पुढच्या दातांच्या कडा झिजतात, आणि दातांना तारा बसवलेल्या असतील तर दंतवैद्यांना ही सवय अवश्य सांगावी. नखावर उभा काळसर पट्टा नव्याने दिसला तर तो चावण्यामुळेच आहे असे गृहीत न धरता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. जाता जाता, नखे खाणाऱ्यांच्या बाजूने एक नोंद आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे हजारहून अधिक मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात अंगठा चोखणाऱ्या किंवा नखे खाणाऱ्या मुलांपैकी ३८ टक्के मुले १३व्या वर्षी कातडीवरील चाचणीत सर्वसाधारण अॅलर्जीकारकांना संवेदनशील आढळली, तर इतर मुलांत हे प्रमाण ४९ टक्के होते. दमा आणि सर्दीच्या अॅलर्जीत मात्र फरक दिसला नाही, त्यामुळे ही सवय चालू ठेवण्यासाठी याचा आधार घेता येणार नाही.

रक्त येईपर्यंत चावणे, त्यात रोज बराच वेळ जाणे, सोबत केस उपटणे किंवा कातडी खुडणे, अथवा लहानपणापासून एका जागी लक्ष न टिकणे यांपैकी काही असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी. एन-ॲसिटिलसिस्टीन या औषधाचे नाव आपल्या वाचनात येईल. केस उपटण्याच्या विकारात प्रौढांना त्याचा उपयोग झाल्याचे दिसले आहे. नखे खाणाऱ्या मुलांवरील चाचणीत मात्र पहिल्या महिन्यातला फायदा दुसऱ्या महिन्यात टिकला नाही. ते स्वतःच्या मनाने आणून घेऊ नये.

मुलीविषयी. ही सवय घराण्यांतून आढळते आणि जुळ्या मुलांवरील अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा दिसलेला आहे. आपले पाहून तिने उचलले असण्याचीही शक्यता आहे. त्यातले किती कोणामुळे, हे शोधण्याने तिचे काही भले होणार नाही. सहाव्या वर्षी नखे खाणे सर्रास आढळते आणि बऱ्याच मुलांत ते पुढे आपोआप कमी होते. तिच्या हातावर चापट मारणे, ‘हात तोंडातून काढ’ असे दिवसातून वीस वेळा म्हणणे, पाहुण्यांसमोर तिची नखे दाखवणे, हे घरातल्या सर्वांनी एकदम बंद करावे. याबाबत माझ्या सुरुवातीच्या काळातील एक चूक सांगते. नऊ वर्षांच्या एका मुलाला मी भिंतीवरचा तक्ता करून दिला होता; नखे न खाल्लेल्या प्रत्येक दिवसाला एक तारा. तीन आठवड्यांत तक्ता ताऱ्यांनी भरला, हाताची नखे सुरेख वाढली आणि आई खूश होऊन मला भेटायला आली. मुलगा मोजे काढायला तयार नव्हता. त्याने पायाची नखे खायला सुरुवात केली होती. तेव्हापासून मी न खाण्याला बक्षीस देत नाही. खडबडीत नख घेऊन आपणहून आईकडे येण्याला शाबासकी देते. आपल्या मुलीलाही एक रंगीत कानस द्यावी, ‘टोचतंय’ म्हणत ती आली की हातातले काम बाजूला ठेवून नख घासून द्यावे, आणि दोघींची एक खूण ठरवावी, उदाहरणार्थ आपण स्वतःची मूठ मिटली की तिनेही मिटायची. शाळा, वर्ग किंवा घर नुकतेच बदलले आहे का, वर्गात कोणी त्रास देते का, हे मात्र शांतपणे, सवयीचा उल्लेखही न करता, विचारून घ्यावे.

आता लग्न. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते आणि मुळापासून टोकापर्यंत नवे यायला सुमारे सहा महिने लागतात. दीड महिन्यात आपल्याला जेमतेम चारसाडेचार मिलिमीटर मिळतील. तेवढ्यात नखे लांबसडक होणार नाहीत, पण बोटाच्या मांसाच्या आत गेलेली कड टोकापर्यंत येईल आणि भोवतालची लाली निवळेल. कृत्रिम नखे चिकटवण्याचा मोह होईल; ती काढताना खालचे नख पातळ होते, शिवाय एका बाजूने सुटू लागलेले कृत्रिम नख म्हणजे अंगठ्याला आयतेच काम. त्यापेक्षा मेंदी अधिक भरगच्च काढून घ्यावी. ओली मेंदी असेपर्यंत बोटे तोंडाजवळ जाण्याचा प्रश्नच नसतो. धोका असतो तो दुसऱ्या दिवशी पहाटे, वाळलेल्या मेंदीचे पापुद्रे नखांच्या कडेला सुटू लागतात आणि ते खुडता खुडता अंगठा नखाच्या कडेवर येतो तेव्हा. त्या रात्री कानस आणि खोबरेल तेलाची बाटली उशाशी घेऊनच झोपावे.